प्रतीक्षा एका गुडघ्याची : रोनाल्डोच्या पुनरागमनाची कहाणी

फुटबॉलमध्ये दुखापत ही नित्याचीच बाब आहे. घोटा मुरगळतो, मांडीचा स्नायू ताणला जातो, खेळाडू दोन-चार आठवडे बाहेर बसतो आणि पुन्हा मैदानात उतरतो. चाहत्यांना त्याची फारशी झळ बसत नाही. मात्र, एखादी दुखापत अशी असते की, त्या खेळाडूच्या कारकिर्दीवरच प्रश्नचिन्ह उभे राहते. तो परत येईल का आणि आला तर पूर्वीसारखा खेळेल का, या दोन प्रश्नांभोवती लाखो लोकांची प्रतीक्षा सुरू होते. या प्रतीक्षेला तारीख नसते. डॉक्टर सावधपणे बोलतात, क्लब मोजकीच माहिती देतो आणि चाहते मिळेल त्या छोट्याशा बातमीवर आशा जिवंत ठेवतात.

अशा प्रतीक्षेचे फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ब्राझीलच्या रोनाल्डोचे. आजच्या तरुण वाचकांना रोनाल्डो म्हटले की पोर्तुगालचा ख्रिस्तियानो आठवतो. त्याच्या आधीचा रोनाल्डो म्हणजे रोनाल्डो लुईस नाझारियो दी लिमा. नोव्हेंबर १९९९ ते जून २००२ या सुमारे अडीच वर्षांच्या काळात त्याच्या उजव्या गुडघ्याकडे मिलान, रिओ दी जानिरो आणि ब्राझीलवर प्रेम करणाऱ्या अवघ्या जगाचे लक्ष लागून राहिले होते.

वादळी उदय

रोनाल्डोचा जन्म १९७६ सालचा. रिओ दी जानिरोच्या बेन्तो रिबेरो या सामान्य वस्तीच्या उपनगरात तो वाढला. १९९३ मध्ये क्रुझेरो या क्लबतर्फे त्याने व्यावसायिक फुटबॉलमध्ये पदार्पण केले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेतील विश्वचषकासाठी ब्राझीलच्या संघात त्याची निवड झाली. ब्राझीलने ती स्पर्धा जिंकली. रोनाल्डोला मात्र एकाही सामन्यात खेळण्याची संधी मिळाली नाही.

त्यानंतर हॉलंडमधील पीएसव्ही आइंडहोवन आणि स्पेनमधील बार्सिलोना असा त्याचा प्रवास झाला. १९९६-९७ या एकाच मोसमात त्याने बार्सिलोनासाठी ४९ सामन्यांत ४७ गोल केले. चेंडू पायाशी ठेवून पूर्ण वेगात धावायचे, धावता धावता दिशा बदलायची, गोलरक्षकालाही चकवायचे आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलायचा, ही त्याची पद्धत होती. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘फिफा’चा जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याला मिळाला. १९९७ मध्ये इटलीच्या इंटर मिलानने त्या काळातील विक्रमी रक्कम मोजून त्याला आपल्याकडे आणले. मे १९९८ मध्ये पॅरिस येथे झालेल्या यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात इंटरने रोमच्या लाझिओ संघाला ३-० असे हरवले, त्यात एक गोल रोनाल्डोचा होता.

त्याच वर्षी फ्रान्समधील विश्वचषकात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तथापि, १२ जुलै १९९८ रोजी अंतिम सामन्याच्या दिवशी त्याला अचानक झटके आले. संघाच्या पहिल्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले आणि सामन्यापूर्वी काही वेळ ते पुन्हा घालण्यात आले. तो खेळला, पण हरवल्यासारखा. यजमान फ्रान्सने ब्राझीलला ३-० असे नमवले. भारतात तो सामना मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाला होता. त्यासाठी जागरण करणाऱ्यांना त्या रात्री खरा रोनाल्डो पाहायलाच मिळाला नाही. तेव्हापासून त्याच्याभोवती चिंतेचे सावट होते. पुढील मोसमात गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तो अनेक सामन्यांना मुकला.

पहिला आघात

२१ नोव्हेंबर १९९९ रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर लेचे संघाविरुद्धच्या लीग सामन्यात रोनाल्डोचा उजवा गुडघा दुखावला. तपासणीनंतर गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा अंशतः फाटल्याचे निष्पन्न झाले. पॅरिसमधील ख्यातनाम अस्थिशल्यविशारद प्रा. जेरार सायाँ यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. रोनाल्डो त्या वेळी अवघा २३ वर्षांचा होता.

ही कंडरा नेमकी काय काम करते, हे समजून घेतले म्हणजे या दुखापतीचे गांभीर्य लक्षात येते. मांडीच्या पुढील भागात शरीरातील सर्वांत बलदंड स्नायूंपैकी एक स्नायूसमूह असतो. तो आकुंचन पावला की गुडघा सरळ होतो. या स्नायूची ओढ गुडघ्याच्या वाटीमार्फत नडगीच्या हाडापर्यंत पोहोचते आणि वाटी व नडगी यांना जोडणारा जो चिवट, पांढरा पट्टा असतो, तीच ही कंडरा. वैद्यकीय भाषेत तिला ‘पटेलर टेंडन’ म्हणतात. उडी मारून खाली येताना, धावता धावता एकदम थांबताना किंवा चेंडूला जोरदार लाथ मारताना या पट्ट्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. तो पूर्ण तुटला तर वाटीला खाली धरून ठेवणारे काहीच उरत नाही. मांडीचा स्नायू तिला वर खेचून घेतो आणि माणसाला पाय सरळ उचलताही येत नाही.

कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे ती स्नायूच्या तुलनेत संथ गतीने भरून येते. शस्त्रक्रियेने टाके घालून टोके जुळवता येतात, परंतु त्या जागी तयार झालेल्या नव्या तंतूंना मूळचे बळ यायला अनेक महिने लागतात. दरम्यान, पाय वापरात नसल्याने मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो. म्हणजे एकीकडे कंडरेवर ताण येऊ द्यायचा नाही आणि दुसरीकडे स्नायूला काम द्यायचे, अशी ही तारेवरची कसरत असते. रोनाल्डोसारख्या खेळाडूच्या बाबतीत ती अधिकच अवघड होती. कारण त्याचे सारे कौशल्य वेगात दिशा बदलण्यावर उभे होते आणि त्या क्षणी सर्वाधिक भार पडतो तो नेमका याच पट्ट्यावर.

रोममधील सात मिनिटे

पाच महिन्यांच्या आतच पुनरागमनाचा दिवस ठरला. १२ एप्रिल २००० रोजी रोमच्या ऑलिम्पिक मैदानावर इटालियन चषकाच्या अंतिम लढतीचा पहिला टप्पा होता. प्रतिस्पर्धी होता लाझिओ. प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी यांनी उत्तरार्धात रोनाल्डोला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले. इंटरचे चाहते या क्षणाची हिवाळाभर वाट पाहत होते.

जेमतेम सात मिनिटे झाली असतील. लाझिओच्या गोलक्षेत्रासमोर चेंडू घेऊन रोनाल्डोने आपली नेहमीची हूल देण्याचा प्रयत्न केला. कोणाचाही धक्का लागला नव्हता. उजवा पाय टेकला आणि गुडघा कोसळला. गुडघा दोन्ही हातांनी धरून तो वेदनेने किंचाळत असल्याचे दृश्य जगभरातील दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखवले गेले. त्याचे फिजिओथेरपिस्ट निल्टन पेट्रोन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, वाटी आपली जागा सोडून मांडीच्या मध्यापर्यंत वर सरकली होती. प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूंचेही चेहरे उतरले. या वेळी कंडरा पूर्णपणे तुटली होती. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

तो लवकर परतला का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे निर्विवाद उत्तर देणे कठीण आहे. एक मात्र खरे की, खेळाडूच्या पुनरागमनाला घाई लावणारे घटक अनेक असतात. क्लबने मोठी रक्कम गुंतवलेली असते, प्रायोजकांना आपला चेहरा मैदानात हवा असतो, प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो आणि खुद्द खेळाडूला बाकावर बसणे असह्य झालेले असते. चाहतेही यातून पूर्णपणे मोकळे राहत नाहीत. प्रत्येक सामन्याआधी ‘तो कधी येणार’ असे विचारणारा प्रेक्षक आपल्या परीने त्या दडपणात भरच घालत असतो. रोमनंतर मात्र हे सारे आवाज काही काळ शांत झाले. आता प्रश्न पुढच्या सामन्याचा नव्हता. तो पुन्हा खेळू तरी शकेल का, याचा होता.

रिकामा मोसम

२०००-०१ हा संपूर्ण मोसम रोनाल्डो एकही सामना खेळला नाही. गुडघा किती अंशांत वाकतो, मांडीचा घेर किती भरून आला, पळण्यास कधी परवानगी मिळणार, अशा बारीकसारीक तपशिलांनी त्याचे दिवस व्यापले होते. व्यायाम, पाण्यातील हालचाली, फिजिओथेरपी, पुन्हा व्यायाम असा क्रम महिनोन् महिने चालला. गोल, विक्रम आणि पुरस्कार यांच्या बातम्यांत वाढलेल्या खेळाडूची ओळख आता त्याच्या गुडघ्याच्या प्रगतीवरून होऊ लागली.

या काळात वाट पाहणाऱ्यांचे तीन गट होते. पहिला गट मिलानमधील इंटरच्या पाठीराख्यांचा. अध्यक्ष मास्सिमो मोराती यांच्या क्लबने दुखापतीच्या काळात रोनाल्डोला अंतर दिले नाही. १९८९ नंतर लीगचे विजेतेपद न मिळालेल्या या क्लबच्या पाठीराख्यांनी आपल्या आशा या एका खेळाडूशी बांधलेल्या होत्या.

दुसरा गट ब्राझीलच्या जनतेचा. तेथे राष्ट्रीय संघाची अवस्था बिकट झाली होती. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझीलला १८ पैकी सहा सामने गमवावे लागले. प्रशिक्षक बदलले गेले. जून २००१ मध्ये लुईझ फेलिपे स्कोलारी यांच्याकडे सूत्रे आली, पण पुढच्याच महिन्यात कोपा अमेरिका स्पर्धेत होंडुरासने ब्राझीलला २-० असा धक्का दिला. नोव्हेंबर २००१ मध्ये व्हेनेझुएलाला अखेरच्या सामन्यात हरवल्यानंतरच ब्राझीलचा विश्वचषक प्रवेश निश्चित झाला. अशा वेळी घरी बसलेल्या जायबंदी आघाडीपटूची आठवण तीव्र होणे स्वाभाविक होते.

तिसरा गट दूरदेशीच्या चाहत्यांचा. कोलकाता, केरळ आणि गोव्याप्रमाणेच महाराष्ट्रात कोल्हापूरलाही फुटबॉलची मोठी परंपरा आहे. तेथील पेठा आणि तालमींमध्ये विश्वचषकाच्या काळात ब्राझील आणि अर्जेंटिना असे सरळ दोन तट पडतात, झेंडे आणि खेळाडूंची मोठाली चित्रे लागतात. या चाहत्यांना रोनाल्डोला प्रत्यक्ष पाहण्याची संधी नव्हती. इंटरनेटचा प्रसार तेव्हा आजच्यासारखा झालेला नव्हता. क्रीडा पानाच्या कोपऱ्यात वृत्तसंस्थेच्या हवाल्याने आलेली चार ओळींची बातमी हाच बऱ्याच जणांचा आधार होता.

सचिनच्या चाहत्यांना अशा प्रतीक्षेची कल्पना आहे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराच्या ‘टेनिस एल्बो’ने घराघरांत वैद्यकीय चर्चा सुरू केली. तोवर हा शब्द ठाऊक नसलेली माणसे त्यावर अधिकारवाणीने बोलू लागली. २००५ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध पुनरागमन करताना त्याने ९३ धावा केल्या. मिलान आणि रिओमध्ये २००० नंतर जे गुडघ्याबाबत घडले, तेच पुढे मुंबईत कोपराबाबत घडले.

हळूहळू, अडखळत

सप्टेंबर २००१ मध्ये यूएफा चषकात रुमानियाच्या ब्राशोव्ह संघाविरुद्ध रोनाल्डो अधिकृत सामन्यात परतला. रोममधील त्या रात्रीला तेव्हा सतरा महिने उलटून गेले होते. त्या वर्षाच्या अखेरीस डिसेंबरमध्ये ब्रेशियाविरुद्ध त्याने लीगमध्ये गोलही केला. मात्र, हे पुनरागमन सरळ रेषेत झाले नाही. गुडघा टिकला, पण दीर्घ विश्रांतीनंतर अचानक भार पडलेले मांडीचे स्नायू वारंवार दुखावत राहिले. २००१-०२ च्या मोसमात तो लीगचे केवळ दहा सामने खेळू शकला. त्यांत त्याने सात गोल केले.

दीर्घ दुखापतीनंतर हे नेहमी घडते. ज्या अवयवाला इजा झाली तो बरा होतो, पण शरीराचा उरलेला भाग सामन्याची सवय विसरलेला असतो. खेळाडू नकळत दुखऱ्या पायाला जपतो आणि भार दुसरीकडे वळतो. मनातली भीती तर कोणत्याही चाचणीत दिसत नाही. चाहत्यांना वाटते, तो परतला म्हणजे प्रतीक्षा संपली. खेळाडूसाठी मात्र तो निम्माच रस्ता असतो.

५ मे २००२ रोजी मोसमाचा अखेरचा दिवस उजाडला. इंटर गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. विजय मिळाला असता, तर लीगचे विजेतेपद नक्की होते. सामना रोमच्या त्याच ऑलिम्पिक मैदानावर आणि त्याच लाझिओविरुद्ध होता. इंटर ४-२ असा हरला आणि विजेतेपद ज्युव्हेंटसकडे गेले. उत्तरार्धात बाहेर काढलेला रोनाल्डो बाकावर बसून हातांत तोंड लपवून रडत असल्याचे छायाचित्र इटलीच्या फुटबॉल इतिहासाचा भाग बनले आहे.

स्कोलारींचा भरवसा

त्यापूर्वी मार्च २००२ मध्ये फोर्तालेझा येथे युगोस्लाव्हियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात रोनाल्डोने सुमारे अडीच वर्षांनी ब्राझीलची पिवळी जर्सी घातली. विश्वचषकाला दोन महिने उरले होते आणि ब्राझीलमध्ये वेगळाच वाद पेटला होता. अनुभवी रोमारियोला संघात घ्या, अशी मागणी देशभर जोर धरत होती. स्कोलारींनी ती मानली नाही. रोमारियो घरी राहिला आणि जेमतेम सामने खेळलेला रोनाल्डो विमानात बसला. रोनाल्डो अपयशी ठरला असता तर स्कोलारींना मायदेशी तोंड दाखवणे कठीण झाले असते.

त्या वसंतात जगातील अनेक देशांचे चाहते अशाच प्रतीक्षेत होते आणि सर्वांच्याच वाट्याला सारखे फळ आले नाही. इंग्लंडमध्ये एप्रिलमध्ये डेव्हिड बेकहॅमच्या पावलाचे हाड मोडले आणि तेथील वृत्तपत्रांनी त्या हाडाची आकृती पहिल्या पानावर आणली. बेकहॅम वेळेत परतला, पण पूर्ण बहरात नव्हता. इटलीत रोबेर्तो बाज्जिओने जानेवारीच्या अखेरीस गुडघ्याची गंभीर दुखापत होऊनही तीन महिन्यांच्या आत मैदान गाठले आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. तरीही प्रशिक्षक जोव्हान्नी त्रापात्तोनी यांनी त्याची निवड केली नाही. फ्रान्सचा झिनेदिन झिदान स्पर्धेच्या तोंडावर जखमी झाला. तिसऱ्या सामन्यात मांडीला पट्टी बांधून तो उतरला, मात्र गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता स्पर्धेबाहेर पडला. नशीब, वैद्यक आणि प्रशिक्षकाचा निर्णय या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच पुनरागमनाची कहाणी पूर्ण होते, हे त्या दोन महिन्यांनी दाखवून दिले.

योकोहामाची संध्याकाळ

३ जून २००२ रोजी दक्षिण कोरियातील उल्सान येथे ब्राझीलचा पहिला सामना तुर्कस्तानशी झाला. ब्राझील एका गोलने पिछाडीवर असताना रोनाल्डोने बरोबरी साधून दिली आणि ब्राझीलने सामना २-१ असा जिंकला. त्यानंतर चीनविरुद्ध एक, कोस्टारिकाविरुद्ध दोन आणि बेल्जियमविरुद्ध एक असे त्याचे गोल होत गेले. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याला गोल करता आला नाही आणि मांडीच्या दुखण्यामुळे बाहेर यावे लागले. चाहत्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला.

उपांत्य सामन्यासाठी तो मैदानात आला तेव्हा डोके तासलेले आणि कपाळावर फक्त केसांचा त्रिकोण, असे त्याचे रूप होते. त्याच्या पायाबद्दल सतत प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून आपण हे केल्याचे त्याने पुढे सांगितले. युक्ती सफल झाली. तुर्कस्तानविरुद्धच्या त्या सामन्यातील एकमेव गोल त्यानेच बुटाच्या टोकाने केला.

३० जून २००२, रविवार. जपानमधील योकोहामा येथे रात्री सुरू झालेला अंतिम सामना भारतात दुपारी साडेचारला सुरू झाला. चार वर्षांपूर्वी मध्यरात्री निराश होऊन झोपलेले चाहते आता सुटीच्या दुपारी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. समोर होती जर्मनी आणि त्या स्पर्धेत तोवर केवळ एक गोल स्वीकारलेला गोलरक्षक ऑलिव्हर कान.

६७ व्या मिनिटाला रिव्हाल्डोचा फटका कानच्या हातून निसटला आणि पुढे झेपावलेल्या रोनाल्डोने चेंडू जाळ्यात ढकलला. बारा मिनिटांनी उजवीकडून क्लेबरसनने दिलेला पास रिव्हाल्डोने हूल देत सोडून दिला. मागून येणाऱ्या रोनाल्डोने तो शांतपणे, खालून, कोपऱ्यात मारला. ब्राझील २, जर्मनी ०. ब्राझीलने पाचव्यांदा विश्वचषक जिंकला.

रोनाल्डोचे स्पर्धेतील आठ गोल झाले. १९७८ पासून प्रत्येक विश्वचषकात सर्वाधिक गोल करणाऱ्याची संख्या सहावरच अडकली होती. ती कोंडी त्या दिवशी फुटली. वर्षअखेरीस ‘फिफा’चा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार तिसऱ्यांदा आणि युरोपचा ‘बॅलन डी’ऑर’ दुसऱ्यांदा त्याच्याकडे आला. २००३ मध्ये ‘लॉरियस’चा सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

इंटरच्या पदरात काय?

या कहाणीला एक कडू बाजू आहे. ज्यांनी सर्वांत जवळून वाट पाहिली, त्या इंटरच्या पाठीराख्यांना बरा झालेला रोनाल्डो लाभलाच नाही. प्रशिक्षक एक्तोर कूपर यांच्याशी त्याचे पटत नव्हते. विश्वचषक संपून दोन महिने होत नाहीत तोच, ऑगस्ट २००२ च्या अखेरीस, तो स्पेनच्या रेआल माद्रिदकडे गेला. ऑक्टोबरमध्ये आलाव्हेसविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात येताच त्याने साधारण मिनिटभरातच गोल केला. एप्रिल २००३ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्याने तीन गोल केले तेव्हा प्रतिस्पर्धी प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ज्या आनंदाची मिलानने वाट पाहिली, तो माद्रिद आणि मँचेस्टरने उपभोगला.

मिलानमधील संतापाला पुढे आणखी निमित्त मिळाले. जानेवारी २००७ मध्ये रोनाल्डो इंटरच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, एसी मिलानकडे आला. त्या वर्षी मार्चमध्ये झालेल्या मिलान डर्बीत इंटरच्या पाठीराख्यांनी शिट्ट्यांच्या कल्लोळाने त्याचे स्वागत केले. त्याने गोल केला, इंटरने सामना २-१ असा जिंकला.

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. चाहत्याने वाट पाहिली म्हणून खेळाडूवर त्याचे ऋण चढते का? इंटरच्या पाठीराख्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट होते. क्लबने पडत्या काळात साथ दिली, आता खेळाडूने ती फेडायला हवी होती. खेळाडूची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोन शस्त्रक्रियांमुळे ज्याची उमेदीची वर्षे हिरावली गेली, त्याला उरलेल्या दिवसांची किंमत इतरांपेक्षा अधिक कळते. वाट पाहणे हे प्रेमाचे लक्षण आहे, करारपत्र नव्हे. पण प्रेम करणाऱ्याला हे पटवणे कोणत्याच भाषेत सोपे नाही.

पुन्हा एकदा

२००६ च्या विश्वचषकात घानाविरुद्ध गोल करून रोनाल्डोने विश्वचषकातील आपल्या गोलांची संख्या १५ वर नेली. तो विक्रम जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोजने २०१४ मध्ये मोडला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी लिव्होर्नोविरुद्ध एसी मिलानकडून खेळताना, मैदानात आल्यावर काही मिनिटांतच, त्याच्या डाव्या गुडघ्याची तीच कंडरा तुटली. वय ३१, वाढलेले वजन आणि तिसऱ्यांदा तीच शस्त्रक्रिया, असा योग पाहून बहुतेकांनी त्याची कारकीर्द संपल्याचे मानले.

तो परतला. डिसेंबर २००८ मध्ये त्याने साओ पावलोच्या कोरिन्थियान्सशी करार केला. दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आलेल्या या लोकप्रिय क्लबच्या पाठीराख्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ८ मार्च २००९ रोजी कट्टर प्रतिस्पर्धी पाल्मेरासविरुद्ध अखेरच्या क्षणी हेडरने बरोबरीचा गोल करून तो प्रेक्षकांकडे धावला, तेव्हा आनंदाच्या भरात मैदानाचे कुंपणच कोसळले. त्या वर्षी कोरिन्थियान्सने साओ पावलो राज्याचे विजेतेपद आणि ब्राझीलचा राष्ट्रीय चषक जिंकला.

१४ फेब्रुवारी २०११ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. मन अजून खेळायला तयार आहे, पण शरीरापुढे आपण हरलो, अशा आशयाचे त्याचे शब्द होते. थायरॉईडच्या विकाराने वजन आटोक्यात राहत नसल्याचेही त्याने तेव्हा सांगितले. आधीची काही वर्षे त्याच्या आकारमानावरून विनोद करणाऱ्यांना ही बाब ठाऊक नव्हती.

प्रतीक्षेचा धडा

रोनाल्डोनंतर क्रीडावैद्यकाने बरीच प्रगती केली आहे. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रिया, स्नायूंच्या ताकदीचे अचूक मापन आणि टप्प्याटप्प्याने मैदानावर परतण्याच्या पद्धती आज सर्वत्र रूढ झाल्या आहेत. परतण्याची तारीख कॅलेंडरवरून न ठरवता पायाची ताकद आणि हालचालींच्या चाचण्यांवरून ठरवावी, हा विचार आता मान्य झाला आहे. तरीही कंडरा भरून येण्याचा वेग कोणालाच वाढवून मिळालेला नाही. म्हणूनच चाहत्यांची प्रतीक्षाही संपलेली नाही, फक्त तिचे स्वरूप बदलले आहे. आज खेळाडूच्या सरावाची प्रत्येक चित्रफीत काही क्षणांत जगभर पोहोचते आणि प्रत्येक पावलाची चिकित्सा होते. माहिती वाढली तसे दडपणही वाढले.

रोममधील सात मिनिटे आणि योकोहामातील तो सामना यांच्यामध्ये सव्वादोन वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी सर्वांना घाई होती, दुसऱ्या वेळी थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. या दोन संध्याकाळींतील फरकात दीर्घ दुखापतीतून परतणाऱ्या प्रत्येक खेळाडूसाठी, त्याच्या क्लबसाठी आणि आपल्या लाडक्या खेळाडूकडे डोळे लावून बसलेल्या प्रत्येक चाहत्यासाठी पुरेसा बोध आहे.